गाय पान्हवते कशानं

जालिंदरनं गाय आणली आणि आल्या दिवसापासून गायीनं दूध चोरायला सुरुवात केली.

गाय काही ऐरीगैरी नव्हती. राधाकृष्णअण्णाच्या दावणीची, काळीपांढरी, अंगानं भरलेली. अण्णाकडं दोन्ही वेळेला बादली भरून वर फेस यायचा, हे अख्ख्या गावानं बघितलेलं. अण्णाचे गुडघे गेले, पोरगा ओंकार पुण्याला नोकरीला लागला, म्हणून त्यानं दावण कमी करायला काढली. जालिंदरनं शेळ्या मोडल्या, यशोधरानं भिशीतला आपला नंबर आधी मागून घेतला, आणि गाय दारात आली. नागापूरच्या एमआयडीसीतला कारखाना बंद पडल्यापासून हे घर दीड एकर कोरडवाहूवर आणि यशोधराच्या खुरपणीवर चाललं होतं. त्यात उन्हाळा लागलेला, खुरपायला रान नाही. आता सगळी भिस्त ह्या जनावरावर.

पहिल्या संध्याकाळी जालिंदर बादली घेऊन बसला. कास कोमट पाण्यानं धुतली, सडांना तेलाचं बोट लावलं आणि पिळायला लागला. चहापुरतं दूध निघालं आणि मग धारच बंद. कास तर अशी टरटरून भरलेली की शिरा मोजाव्यात. त्यानं पिळून पिळून बोटं सुजवून घेतली. गायीनं मान वळवून त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गुरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, जागा बदलली की असं होतं, वेळ लागेल. पण कास अशी तटलेली ठेवू नका, दगडी झाली तर सड जातील आणि मग गाय नुसती खायला काळ. हे शेवटचं ऐकून यशोधरानं पदर तोंडाला लावला तो डॉक्टर मोटारसायकलवर बसेपर्यंत काढला नाही.

गावच्या डेअरीवर दूध घालायला रोज सकाळी रांग लागते. मापावर गोरक्षनाथ बसतो. त्याचा स्वभाव असा की दुधाची फॅट आणि माणसाची अब्रू एकाच मशीनवर मोजायची. त्यानं जालिंदरची किटली उचलली, कानाशी धरून हलवली आणि रांगेकडं बघून डोळा मारला. मग आवाज चढवून म्हणाला, "जालिंदर, तुज्या घरात देव न्हाई. अण्णाकडं रतनवैनी रोज गोठ्यात रेडिओवर मोहट्याच्या देवीची आरती लावायच्या, मग धारंला बसायच्या. तुज्याकडं काय ऐकून पान्हवायचं तिनं?"

रांगेत हशा पिकला. जालिंदरही हसला, कारण न हसून काय करणार? पण आतून त्याला लागलं. हा घाव नुसता गायीवरचा नव्हता. जालिंदरच्या आजानं, आईच्या बापानं, छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून ओढ्याला सोडले होते. जालिंदरची आई, म्हातारी भामाबाई, तेव्हा सहासात वर्षांची. टोपलीतला म्हसोबा तिनं स्वतःच्या हातानं उचलून बापाच्या हातात दिला होता, आणि ही गोष्ट ती दर जयंतीला सांगायची. म्हसोबा दर साली थोडा वजनदार व्हायचा एवढाच काय तो फरक. अशा घरातला जालिंदर. कारखान्यात युनियनच्या सभेत बोलून बोलून त्याची जीभ धारदार झालेली. गावात कुणी म्हणालं अमक्याला भूत लागलं की हा विचारायचा, पुरावा काय? कुणी म्हणालं तमक्याच्या अंगाऱ्यानं ताप उतरला, की हा विचारायचा, गोळी घेतली नव्हती ह्याला पुरावा काय? म्हणून गाव त्याला 'पुरावा'च म्हणायचं. तोंडावर नाही, पण पाठ फिरायचीही फार वाट बघायचे नाहीत. आणि आता त्याच्याच गोठ्यातली गाय त्याच्याविरुद्ध पुरावा होऊन उभी राहिली होती.

दुपारी स्वतः राधाकृष्णअण्णा काठी टेकत आला. माणूस सरळ. गाय विकली तरी त्याचा जीव गायीत होता. बाजेवर बसून त्यानं कासेकडं बघितलं आणि हळहळला. म्हणाला, "जालिंदर, तू आपली आरती लाव. तुला हात जोडायला कुनी सांगितलंय? जे चाललंय त्याला कशाला हात लावायचा? उगं परीक्षा बघू नये."

"परीक्षा बघितल्याबिगर मी कायबी मानत न्हाई, अण्णा. मी लगीनसुदिक तसंच केलं," जालिंदर म्हणाला. आतून यशोधरानं भांडं जोरात आपटलं. बघायला आलेल्या दिवशी ह्या गड्यानं चहाचा कप खाली ठेवायच्या आधी होकार दिला होता, हे तिनं अण्णाला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

अण्णा उठताना म्हणाला की मग राहू दे, गाय मी माघारी नेतो, तुझं तुला परत करतो, मनात काही आणू नको. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती आणि म्हणूनच ते जालिंदरला जास्त झोंबलं. गोरक्षनाथाच्या टोमण्याला उत्तर देता आलं असतं, अण्णाच्या भलेपणाला काय देणार? गाय माघारी गेली असती तर गावानं म्हटलंच असतं, देव नसलेल्या घरात टिकली नाही.

रात्रभर विचार करून सकाळी जालिंदरनं जाहीर केलं की गायीला आवाजाची सवय आहे, देवाची नाही. आवाज दिला की झालं. आणि आवाज आपला देऊ. त्यानं मोबाईल खुंटीला अडकवला, भीमगीतं लावली आणि बसला. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाणं लावलं, बादली मांडली, सडाला हात घातला, आणि जी धार लागली ती बादली वाजवतच सुटली. बादली भरली. यशोधरा चरवी घेऊन पळत आली. जालिंदरला हसावं की रडावं कळेना. तो गायीच्या पाठीवरून हात फिरवत नुसता 'माझी बाय, माझी बाय' करत राहिला.

त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. डेअरीवर भरली किटली आदळून त्यानं भाषणच ठोकलं. सवय म्हणजे काय, श्रद्धा म्हणजे काय, जनावराला धर्म नसतो, तो माणसानं त्याच्या गळ्यात बांधलेला असतो. वस्तीतल्या पोरांनी गायीचा फोटो काढून स्टेटसला लावला. गोरक्षनाथानं तर गावभर केलं की अण्णाच्या गायीनं धर्मांतर केलं. विहाराच्या मंडळींनी ठरवलं की रविवारी जालिंदरनं ह्यावर बोलावं, विषय 'श्रद्धा आणि सवय'. बिचारा अण्णा चार दिवस पारावर फिरकला नाही. त्याची बायको रतनबाई सांगत होती की ते जेवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, आठ वर्सं आरती ऐकली तिनं, आठ दिवसांत इसरली?

मग भामाबाई संगमनेरला भाचीच्या घरभरणीला गेली, आणि त्याच संध्याकाळी गायीनं दूध चोरलं.

जालिंदरनं गाणं बदललं. आवाज वाढवला. शेवटी स्वतः गायला. गाय ढिम्म. दुसऱ्या सकाळीही तेच. कास पुन्हा टरारली, एका सडाला हात लावला की गाय पाय झाडायला लागली. जालिंदर पार घाबरा झाला. दुपारच्या एसटीनं म्हातारी परत आली आणि संध्याकाळी गाय पुन्हा ओतू लागली. जालिंदर फिटर माणूस. म्हातारी आहे तेव्हा मशीन चालू, म्हातारी नाही तेव्हा बंद. म्हणजे बटण कुठं आहे हे त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा चुलीवरचं कोमट पाणी आणायला म्हणून गेला आणि अर्ध्यातून गोठ्याच्या कुडामागं येऊन उभा राहिला. म्हातारी शेण लोटत होती. इकडंतिकडं बघून तिनं खराटा ठेवला, पदराखालून मेमरी कार्डावर वाजणारा लहानसा तांबडा रेडिओ काढला आणि गायीच्या कानाशी धरला. आधी खरखर झाली, मग कार्ड भरून देणाऱ्या सोनईच्या मोबाईल दुकानाची जाहिरात झाली, आणि मग टाळमृदंगासकट मोहट्याच्या देवीची आरती सुरू झाली. म्हातारी दुसऱ्या हातानं गायीची गळ्याखालची पोळी खाजवत होती. दोन कडवी झाल्यावर तिनं रेडिओ बंद करून पदरात घेतला आणि पुन्हा खराटा उचलला.

"आये," जालिंदर म्हणाला.

म्हातारी दचकली, पण लाजली नाही. रेडिओ तिनं रतनबाईकडून मागून आणला होता, कुणाला न सांगायच्या बोलीवर. तिनं सरळ सांगितलं की तुझं गाणं चालू असताना गाय कण्हत होती, मला बघवंना. मी देव सोडला, गायीचं दुखणं कसं सोडू? जालिंदर म्हणाला की म्हसोबा ओढ्यात टाकणारी बाई तू, तुझ्या पदरात आरती? म्हातारी म्हणाली, "म्हसोबा दगडाचा हुता. त्याला दुखत नव्हतं." आणि शेण उचलून उकिरड्याकडं निघून गेली.

बादली त्या दिवशीही भरली, पण जालिंदरला ती उचलवेना. रविवार तोंडावर आला होता. यशोधरानं सांगितलं की गप्प बसा, गाय दूध देती, गाव गप्प झालंय, आणखी काय पाहिजे? घरातलं घरात राहील. जालिंदरलाही क्षणभर तेच बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याला पुरावा मागितला त्याच्या स्वतःच्या पुराव्यात म्हातारी रेडिओ घेऊन बसलेली. तसं विहारात उभं राहून बोलायचं म्हणजे अंगाऱ्याच्या बुवात आणि आपल्यात फरक काय राहिला? दिवसभर त्यानं कडबा तोडला, गरज होती त्याच्या दुप्पट तोडला.

शनिवारी सकाळी डेअरीच्या रांगेत त्यानं सगळं सांगून टाकलं. आपण बोललो ते खोटं ठरलं, गाय भीमगीतावर पान्हवत नव्हती, आई चोरून आरती लावत होती. गोरक्षनाथाच्या तोंडावर तर जत्रा भरली. तो म्हणाला की म्हणजे अण्णाचंच खरं, गाय देवीची भक्त. अण्णा पारावरून उठून हळूहळू आला. त्याला आनंद झाला होता, पण जालिंदरचं उतरलेलं तोंड बघून तो दाखवावा की नाही हे कळत नव्हतं.

"माझं खोटं ठरलं," जालिंदर म्हणाला. "पन तुमचं खरं हाय ह्याला पुरावा काय?"

"आता रं काय राह्यलं?" अण्णा म्हणाला. "आरती लावली, पान्हवली. आरती न्हाई, पान्हवली न्हाई. तुजा बुद्धबी सांगून गेलाय म्हनं, सोता तपासून घ्या. तपासलं की तू."

"अजून नीट न्हाई तपासलं. संध्याकाळी गोठ्यात या. तुमच्या तोंडानं आरती म्हना. भक्त असल तर तुमच्या आवाजालाबी पान्हवल."

"आन् पान्हवली तर?"

जालिंदर म्हणाला, "तर उद्या विहारात हुबा राहून सांगतो, मला कळंना म्हनून. आन् न्हाई पान्हवली तर तुमी पारावर तेच सांगायचं."

अण्णानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि कबूल झाला.

संध्याकाळी गोठ्यापुढं सगळं गाव लोटलं. वस्तीतले होते, वरच्या आळीचे होते, एकमेकांच्या पोरांना कडेवर घेऊन उभे होते. जालिंदरची पोरगी प्रज्ञा संगमनेरच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली, ती मोबाईलवर चित्रण करायला गव्हाणीवर चढली. यशोधरा मात्र चुलीपुढून उठली नाही. तिला भीती एकच, ह्या दोघांच्या धर्मात गायीचा सड जायचा.

अण्णा दोन भजनकरी आणि टाळ घेऊन आला होता. जालिंदरनं कास धुतली, सडाला हात लावून बसला आणि अण्णानं डोळे मिटून आरती धरली. आवाज फाटका, पण मनापासून. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गायीच्या कासेत काही आलं नाही. रतनबाई मागून म्हणाली की हा आवाज ऐकून मीसुद्धा घरातून उठून जाते, गायीची काय चूक. मग न्यायाला न्याय म्हणून प्रज्ञानं खाली उतरून स्वच्छ आवाजात वंदना म्हटली. सगळे उभे राहिले, वरच्या आळीचेही. गायीनं शेपूट उचललं आणि मुतली. कुणी हसलं नाही, कारण आपल्या बाजूचं काय झालं हे प्रत्येकाला आठवत होतं.

"आता रेडिओ," गोरक्षनाथ म्हणाला.

भामाबाईनं पदरातून तांबडा रेडिओ काढला आणि सगळ्यांसमोर बटण दाबलं. खरखर झाली. मग आवाज आला: "नमस्कार मंडळी! कल्याण मोबाईल शॉपी, सोनई, बसस्टँडसमोर. मेमरी कार्ड भरून मिळेल, कव्हर मिळेल, ग्लास बसवून मिळेल. एकदा अवश्य भेट द्या."

जालिंदरचं कपाळ गायीच्या कुशीला टेकलेलं होतं. 'कव्हर मिळेल'ला त्याच्या बोटांत सड फुगला. 'भेट द्या' होईपर्यंत दूध आपसूक ठिबकायला लागलं. आरतीचा पहिला टाळ वाजला तेव्हा बादलीत बोटभर फेस होता.

"बंद कर," तो म्हणाला. म्हातारीनं बंद केलं. धार चालूच. "आता पुन्यांदा लाव, पयल्यापासनं, आन् आरती लागायच्या आधी बंद कर." म्हातारीनं तसं केलं. नमस्कार मंडळी म्हटल्याबरोबर चारी सडांतून दूध जमिनीवर सांडायला लागलं, पिळायचीही वाट न बघता.

जालिंदरनं अण्णाकडं बघितलं, अण्णानं जालिंदरकडं. आठ वर्षं आपल्या गायीनं सोनईच्या मोबाईलवाल्या कल्याणची भक्ती केली हे अण्णाच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या पोटातून हसू फुटलं, काठी हातातून सुटली, आणि तो बाजेवर बसून गुडघ्यावर थापा मारायला लागला. त्याला बघून जालिंदर, मग सगळा गोठा. यशोधरा चुलीपुढून धावत आली, तिला वाटलं गायीनं लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी अण्णानं पारावर आणि जालिंदरनं विहारात, दोघांनीही मान्य केलं की आपलं चुकलं. अण्णानं एवढंच जोडलं की देवीला राग आला नसावा, दूध तर दिलंच की. जालिंदरनं ह्यावर पुरावा मागितला नाही. कल्याण स्वतः सोनईहून आला, गायीला पेंडीचं पोतं घेऊन आला आणि तिच्याबरोबर फोटो काढून गेला. अण्णा आता रोज सकाळी चहाला ह्याच गोठ्यात यायला लागला. गायीकडं बघायचं, जालिंदरशी वाद घालायचा, पुनर्जन्म आहे की नाही इथपासून सुरू करायचं आणि ऊस कुणाच्या कारखान्याला घालावा इथं संपवायचं.

उन्हाळा कडक झाला तसा तो तांबडा रेडिओ पत्र्याखालच्या तापानं खलास झाला. तोवर जालिंदरला जाहिरात पाठ झाली होती. त्यानं तोंडानं म्हणून बघितली आणि गाय पान्हवली. मग काय, रोज दोन्ही वेळेला तो कास धुवायचा, कपाळ कुशीला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि कल्याणच्याच हेलात सगळी म्हणायचा. एक शब्द इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही. एकदा 'कव्हर' आधी 'ग्लास' आला तर पुन्हा नमस्कार मंडळीपासून सुरुवात केली.

प्रज्ञा कॉलेजला परत जायच्या दिवशी सकाळी हे बघत उभी होती. अण्णा बाजेवर चहाची वाट बघत होता. ती म्हणाली, "पप्पा, रोज कशाला म्हणता? आता ती तुम्हाला सरावली असेल. एक दिवस गप्प बसून बघा ना."

जालिंदर डोळे न उघडता म्हणाला, "जे चाललंय त्याला कशाला हात लावायचा? उगं परीक्षा बघू नये."

बोलून गेला आणि थांबला. यशोधराचा अंगणातला झाडू थांबला. बाजेवर अण्णानं टोपी पुढं ओढून तोंड झाकलं, पण त्याचे खांदे हलत होते.

जालिंदरचे कान तापले. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि सडाला हात लावून गप्प बसला. बघूच परीक्षा. माशा घोंगावत होत्या. गाय रवंथ करायची थांबली, मान वळवून त्याच्याकडं बघायला लागली. तो हलला नाही. घाम कपाळावरून नाकावर आला. पिळून बघितलं, दोन थेंब आले, बास.

आतून भामाबाई ओरडली की अरे दूध कुठाय, अण्णाचा चहा कवाचा आटतोय. कुणीच उत्तर दिलं नाही. तेव्हा म्हातारीला काय ते कळलं असावं. तिनं चुलीपुढूनच, फुंकणी हातात घेऊन, घसा खाकरून सुरू केलं, "नमस्कार मंडळी..."

बादली वाजायला लागली.

"पुरावा झाला का रं, जालिंदर?" अण्णानं टोपीखालून विचारलं.

"व्हय, झाला," जालिंदर म्हणाला. "गायीच्या सवयीचा हुता तो आधीच झाल्ता. ह्यो माझा झाला."

आणि मान खाली घालून तो पिळत राहिला.